गोविंद घेणार कोण?

परवा घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये बारशाला गेले होते. निळेपांढरे फुगे, फुलांनी मढवलेला पाळणा, बाळाच्या नावाचा फलक आणि त्यावर टाकलेला रेशमी पडदा. सगळं होतं. नाव सांगायची वेळ आली तेव्हा बाळाचे बाबा इकडेतिकडे बघत म्हणाले, "आत्या कोण होतंय?" सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी बाळाच्या आईची ऑफिसमधली मैत्रीण पुढे झाली. "मला एक्झॅक्टली काय करायचंय?" असं तिनं विचारून घेतलं आणि मग बाळाच्या कानात इतक्या हळू काहीतरी पुटपुटली की बाळाला तरी ऐकू गेलं की नाही, शंका आहे. मला विमलआत्यांची आठवण आली आणि हातातल्या घुगऱ्या हातातच राहिल्या.

विमलआत्या माझ्या कुणी लागत नव्हत्या. खरं तर त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. त्यांना एकच भाऊ, डोंबिवलीचा दिनूभाऊ, आणि त्याला मूलबाळ नाही. त्यामुळे हक्काचा भाचा त्यांना मिळालाच नाही. पण वर्तकनगरातल्या आमच्या सोसायटीत आणि पुढे पार माजिवड्यापर्यंत ज्या घरात बाळाच्या बापाला बहीण नाही, किंवा आहे पण कॅनडात आहे, किंवा इथेच आहे पण बोलणं बंद आहे, त्या प्रत्येक घरातून आत्यांना बोलावणं यायचं. आणि हल्ली अशी घरं काय, मोप. बाळाच्या कानात नाव सांगायचं, बायकांचे पाठीत धपाटे खायचे आणि मग उठून सगळ्यांना नाव जाहीर करायचं, एवढं आत्याचं काम. विमलआत्यांनी ते माझ्या मुलाच्या वेळी केलं, शेजारच्या जुळ्यांच्या वेळी केलं, आणि ती जुळी मोठी होऊन बाप झाली तेव्हाही केलं.

अंगानं त्या एवढ्याशा. पण आवाज असा की तळमजल्यावरून हाक मारली तर गच्चीतली कबुतरं उडावीत. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि सोसायटीच्या वहीत सही करायची झाली तरी ती पूर्ण आणि वळणदार: विमल गोविंद सोमण.

त्यांची नोकरी नौपाड्यातल्या एका शाळेच्या कार्यालयात. शाळेत नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव ज्यात चढवतात ते जनरल रजिस्टर म्हणजे मोठं बाड, ते आत्यांच्या ताब्यात. त्यामुळे ठाण्यातल्या मुलग्यांच्या नावांचा इतिहास त्यांच्याइतका कुणालाच माहीत नसेल. त्या नोकरीला लागल्या तेव्हा पानापानावर सुरेश, रमेश, अशोक आणि प्रकाश. मग संजय आणि राजेश आले. मग सचिन, नीलेश, योगेश. एकेका वर्गात इतके सचिन की बाईंना आडनावानं हाका माराव्या लागायच्या. मग ओंकार, अनिकेत, अक्षय, आणि त्या निवृत्त व्हायच्या सुमाराला जिकडेतिकडे अथर्व. आत्या याला साथ म्हणायच्या. "शुभा, यंदा अथर्वची साथ आहे गं. तिन्ही तुकड्यांत पसरलीय."

एकदा आम्ही दोघी स्टेशनवरून रिक्षानं येत होतो. रिक्षात चालकाच्या नावाची पाटी असते ती आत्यांनी वाचली आणि पुढे वाकून म्हणाल्या, "योगेश का? मग तुम्ही पन्नाशीच्या जरा अलीकडे. आणि धाकट्या भावाचं नाव महेश नाहीतर गणेश."

त्यानं रिक्षाच बाजूला घेतली. "महेशच! मावशी, तुम्ही आमच्या फॅमिलीला ओळखता काय?"

"फॅमिलीला नाही हो, नावाला ओळखते," आत्या म्हणाल्या. पुढचा सगळा रस्ता योगेशनं आपल्या मुलाचं नाव मल्हार का ठेवलं ते सांगितलं आणि आत्यांनी, हे नाव आणखी बरीच वर्षं चालेल, असा त्याला भरवसा दिला.

बारशाच्या आधी आईबाप त्यांच्याकडे नाव घेऊन यायचे, आणि नावाबरोबर अर्थही आणायचे. मोबाइल पुढे करून म्हणायचे, "आत्या, हे बघा, अमुक म्हणजे सूर्याचा पहिला किरण." आत्या चष्मा लावून वाचायच्या, "वा, छान" म्हणायच्या, आणि ती मंडळी गेली की मला म्हणायच्या, "सूर्याचे किरण फार झालेत हं शुभा. जरा ढगाळ नाव आलं तर बरं वाटेल." पण हे माझ्याजवळ. आईबापांसमोर एक अक्षर नाही. त्यांचा नियमच होता की नाव सुचवायचं नाही, बदलायचं नाही, कुणी कितीही विचारलं तरी आपलं मत द्यायचं नाही. चिठ्ठीत आईबापांनी लिहून दिलेलं नाव तेवढं सांगायचं. "मी लेखनिक आहे," त्या म्हणायच्या. "समोरचा सांगेल ते नाव लिहायचं. आपल्या मनातलं लिहायचं नाही."

बारशाला जाताना त्यांच्या पिशवीत वरवंटा असायचा. बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला टोपडं घालून, त्याला गोप्या म्हणून, आधी त्याची पाळण्याखालून नि वरून ने-आण करतात. हल्ली कुणाच्या घरात पाटावरवंटा असतो? म्हणून आत्यांनी आपला स्वतःचा, आईच्या वापरातला वरवंटा या कामाला लावला होता, लाल टोपड्यासकट. एकदा मानपाड्याच्या पुढच्या एका सोसायटीत गेटवर सिक्युरिटीवाल्यानं पिशवी उघडायला लावली. आत टोपडं घातलेला काळा दगड पाहून तो बिचारा दोन पावलं मागे सरकला.

"मॅडम, ये क्या है?"

"गोप्या है," आत्या म्हणाल्या. "नीचे मत गिराना, बारसे को जा रहा है।"

त्यानं वहीत 'नाव' या रकान्यात आत्यांचं नाव लिहिलं आणि 'सोबत' या रकान्यात गोप्या. आत्यांनी ते वाचलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय."

पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा मी असायचे. आत्या तिकडून बाळ द्यायच्या, मी पाळण्याखालून घ्यायचे, वरून परत द्यायचे. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." हे म्हणताना आत्यांच्या आवाजाला एक वेगळीच लकेर यायची. मला ती कळायची, कारण मला त्यामागची गोष्ट माहीत होती.

गोविंद हे त्यांच्या वडिलांचं नाव. घरात त्यांना सगळे दादा म्हणत. आई तर नवऱ्याचं नाव घ्यायचीच नाही. त्या घरात गोविंद म्हणून हाक मारणारं एकच माणूस होतं, आत्यांची आजी. दुपारी पानं वाढली की आजी स्वयंपाकघरातून हाक मारायची, "गोविंद!" आणि पडवीतून आवाज यायचा, "ओ!" लहानपणी आत्यांना वाटायचं की जेवण या 'ओ'मुळेच सुरू होतं. मग आजी गेली. त्यानंतर दादा पुष्कळ वर्षं होते, पण त्यांना नावानं हाक मारू शकेल असं घरात कुणी उरलं नाही. "माणूस होता गं, पण नाव घरातून आधीच गेलं," आत्या म्हणाल्या होत्या. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची त्यांच्याकडे रीत. पण दिनूभाऊला मूल झालं नाही, आणि रीत तिथेच थांबली. गोविंद उरला तो फक्त आत्यांच्या सहीत, मधोमध. "लग्न केलं असतं तर तोही गेला असता," असं म्हणून त्या खो खो हसायच्या.

दादा संध्या करायचे तेव्हा छोटी विमल समोर बसून बघायची. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, या तीन नावांना दादा पळीभर पाणी पीत. चौथं नाव आलं, गोविंदाय नमः, की पाणी ताम्हनात सोडून देत. तिनं एकदा विचारलं, "दादा, तुमच्याच नावावर पाणी का सोडता?" दादा म्हणाले, "पहिल्या तिघांनी पोट भरतं विमल, चौथ्यानं हात धुवायचे." आणि मग त्यांनी तिला नावाचा अर्थ सांगितला. गोविंद म्हणजे गाई राखणारा. गो म्हणजे पृथ्वी आणि इंद्रियंसुद्धा, पण ते मोठ्या माणसांसाठी. आणि हे नाव कृष्णाला बारशात मिळालेलं नाही. गोवर्धन उचलून झाल्यावर, गाई आणि गवळी पावसातून वाचल्यावर, इंद्रानं येऊन हे नाव दिलं. "ते मागून मिळणारं नाव आहे," दादा म्हणाले होते.

वर्तकनगरात आता राखायला गाई कुठल्या? दहीहंडीला मात्र आमच्या रस्त्यावरून ट्रक भरभरून गोविंदा जायचे आणि आत्या गॅलरीतून त्यांच्यावर बादल्या ओतायच्या. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "घ्या आत्या, हवे तेवढे गोविंद." त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी यातला एक तरी ओ देईल का?"

एवढंच हवं होतं त्यांना. कागदावर नको, रजिस्टरमध्ये नको. एकदा गोविंद म्हणून हाक मारावी आणि पलीकडून ओ यावा. "बघ ना," त्या म्हणायच्या, "दर बारशाला आपण दोघी घसा कोरडा करून गोविंद घ्या, गोविंद घ्या म्हणतो. घेत कुणीच नाही. शेवटी पोराला विहान करून घरी नेतात." पण स्वतः मागायचं म्हणाल तर नाव नको! मी दोनतीनदा म्हटलं, कुणालातरी सुचवून बघू. तर असा चेहरा केला जणू मी रजिस्टरमध्ये खाडाखोड करायला सांगितली.

आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या तन्वीच्या मुलाचं बारसं आलं.

तन्वी आणि सौरभ दोघंही आयटीवाले. सौरभ एकुलता एक, म्हणजे आत्या हव्याच. तन्वीनं बाळाचं नाव सात महिने शोधलं होतं. याद्या केल्या होत्या, मैत्रिणींकडून मतदान घेतलं होतं. शेवटी रेयांश ठरलं. तिनं चिठ्ठी आत्यांच्या हातात अशी दिली, जणू परीक्षेचा पेपर फुटतोय.

बारशाला सोसायटीचा हॉल भरला होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अमेरिकेतले नातेवाईक व्हिडिओ कॉलवर. केकवर रेयांश लिहिलेलं, खोक्यात झाकून ठेवलेलं. बाळ मात्र रडायचं थांबेना. पाळण्याखालून नेलं की जरा गप्प व्हायचं, थांबलो की पुन्हा सुरू. म्हणून नेहमीच्या तीन फेऱ्या झाल्यावर आम्ही आणखी घातल्या, मग आणखी. किती वेळा गोविंद म्हटलं असेल, मोजलं नाही. शेवटी बाळ थकून शांत झालं. आत्यांनी त्याला पाळण्यात ठेवलं, वाकल्या, कानात कुर्रर्र केलं. आम्ही बायकांनी हौसेनं धपाटे घातले. आत्या उठल्या, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बाळाचं नाव, गोविंद!"

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या आणि अर्ध्यात थांबल्या. अमेरिकेतली एक म्हातारी तेवढी पडद्यावरून "वा गं वा, छान नाव!" म्हणत टाळ्या वाजवत राहिली. सौरभच्या आईनं तोंडावर हात ठेवला. तन्वी आधी हसली, तिला वाटलं चेष्टा आहे. मग तिचे डोळे भरले.

"आत्या, असं कसं केलंत? चिठ्ठी दिली होती ना मी?"

आत्यांच्या मुठीत ती चिठ्ठी होती. त्यांनी ती उघडून पाहिली, आणि पुन्हा मोठ्यानं रेयांश म्हणाल्या. पण आवाज पहिल्यासारखा लागला नाही. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "म्हातारीनं डाव साधला." हळूच म्हणालं, पण हॉल तेव्हा शांत होता.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी आत्याच्या मानाची साडी तन्वीला परत केली. मी त्यांना समजावायला गेले, म्हटलं, इतक्या वेळा तोंडातून गेलं होतं, जीभ घसरली, कुणाचीही घसरेल. त्या म्हणाल्या, "सगळी नोकरी झाली शुभा, एक नाव चुकीच्या ओळीत गेलं नाही. ही चूक नव्हे. पोटातलं ओठावर आलं. तिनं सात महिने शोधलेलं नाव मी तिच्या पोराच्या कानातसुद्धा सांगितलं नाही." मग त्यांनी वरवंट्याचं टोपडं काढून घडी घातली आणि वरवंटा पुन्हा चटणीला जुंपला. त्यानंतर बोलावणी आली की त्या गुडघे दुखतात असं सांगायला लागल्या.

त्यांच्याशिवायची बारशी मी पाहिली. एका ठिकाणी बाळाची खरी आत्या परदेशातून फोनवर होती. फोन बाळाच्या कानाशी धरला, तिनं कुर्रर्र केलं, आणि नेटवर्क अडकलं. कुर्र, कुर्र, कुर्र असा आवाज फोनमधून येत राहिला आणि बाळ असं दचकलं की संध्याकाळपर्यंत कुणाकडे जाईना. मी हे आत्यांना रंगवून सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. वरवंट्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

रेयांश दोन वर्षांचा असताना तन्वीचे वडील गेले, अचानक. तीही एकुलती एक. माहेरचं घर आवरून ती परत आली आणि नंतर पुष्कळ दिवस दुपारी घराबाहेरच पडेना. बारशानंतर आत्या आणि ती जिन्यात भेटल्या तर नुसत्या हसत, पुढे जात. पण एका दुपारी आत्या वाटीभर लसणाची चटणी घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि चहापर्यंत बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. काय बोलत होत्या ते मला पुढे तन्वीनंच सांगितलं. ती त्यांना म्हणाली होती, "आई बाबांना अहो म्हणायची, मी बाबा म्हणायची. काल बँकेतल्या माणसानं फॉर्म बघून माधव कोण असं विचारलं, तर मला रडायलाच आलं. ते नाव आता कोणी घेणारच नाही ना, आत्या." तेव्हा आत्यांनी तिला आजीची हाक सांगितली, दादांचा ओ सांगितला. डाव साधला म्हणणाऱ्यांना जे कधी सांगितलं नाही ते सगळं सांगितलं.

तन्वीला दुसरा मुलगा झाला तेव्हा रेयांश चार वर्षांचा होता आणि त्याचं एक वेगळंच प्रकरण झालं होतं. त्याला स्वतःच्या बारशाचा व्हिडिओ फार आवडायचा. जेवताना तोच लागायचा. आत्या उठतात, पदर सारखा करतात, "गोविंद!" म्हणतात, इथे तो प्रत्येक वेळी टाळ्या वाजवायचा. "मी घरी गोविंद, शाळेत रेयांश," असं तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचा. आत्या मात्र त्याला काटेकोरपणे रेयांशच म्हणायच्या. तो चिडायचा. त्या म्हणायच्या, "कागदावर आहे तेच नाव घ्यायचं, बाळा."

या बारशाला तन्वी स्वतः आत्यांच्या दारात आली. आत्यांनी गुडघे दुखतात म्हटल्यावर ती म्हणाली, "मग बसून सांगा. पण तुम्हीच." आणि जाताना स्वयंपाकघरात जाऊन तिनं वरवंटा धुऊन ओट्यावर ठेवला.

मला तिनं बेत आधीच सांगितला होता. चिठ्ठीत ती नाव लिहिणारच नव्हती. लिहिणार होती, 'आत्या, तुम्ही सांगाल ते.' सौरभ तयार होता, सासूबाई तयार होत्या. केकवर गोविंद लिहून आणला होता, खोक्यात. सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. आत्यांना सोडून.

पुन्हा तोच हॉल, तोच पाळणा, पलीकडे आत्या, अलीकडे मी. आधी गोप्या, मग बाळ. "कुणी गोविंद घ्या," आत्या म्हणाल्या, आणि पाळण्याखालून दोन हात वर आले.

"मी! मी आहे ना गोविंद!"

रेयांश पाळण्याखाली मांडी घालून बसला होता. हॉल हसून हसून लोटपोट. आत्याही हसल्या, पण त्याच्याकडे बघेनात.

मग त्यांनी चिठ्ठी उघडली. चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मी त्यांच्या समोरच होते. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी तन्वीकडे पाहिलं. तन्वी मान हलवून हसत होती, म्हणा, म्हणा. इतकी वर्षं जे मागायचं नाही म्हणून गिळलं ते कुणीतरी वाढून समोर ठेवलं होतं. आत्या वाकल्या. या वेळी त्या बाळाच्या कानाशी बराच वेळ होत्या. धपाटे घालायचं आम्हाला सुचलंच नाही, सगळ्या बायका गोविंद म्हणून ओरडायला टपल्या होत्या.

आत्या उठल्या, पदर सारखा केला.

"बाळाचं नाव, माधव!"

पुन्हा टाळ्या अर्ध्यात थांबल्या. केकचं खोकं उघडायला वाकलेला सौरभ तसाच वाकलेला राहिला. तन्वीनं आत्यांना अशी मिठी मारली की पाळणा हलायला लागला, आणि ती लहान मुलीसारखी रडली.

"मला सांगायचं ना तू," सौरभ तिला म्हणत होता. "बाबांचं नाव हवं होतं तर मला का नाही बोललीस?"

"आपल्यात वडिलांकडच्या आजोबांचंच ठेवतात ना. आणि आत्यांना एवढं हवं होतं."

सौरभची आई डोळे पुसत म्हणाली, "ठेवतात म्हणजे काय, ठेवलं आता. बाळाच्या कानात गेलं."

मी आत्यांना बाजूला घेतलं. मला त्यांचा रागच आला होता. "अहो, ताट वाढून समोर आलं होतं. आता गोविंद कधी?"

"अगं, आधी माधव," त्या म्हणाल्या. "संध्येतलं तिसरं नाव टाकून चौथं कसं घेता येईल? दादा रागावले असते." आणि त्या हसायला लागल्या, अगदी पूर्वीसारख्या.

तेवढ्यात सौरभनं केकचं खोकं उघडलं. त्यावर हिरव्या अक्षरात गोविंद. "या घरात केक आणि बाळ यांची पत्रिका काही जुळत नाही," मी म्हटलं. पण रेयांशला अजून सगळी अक्षरं येत नसली तरी हे नाव तो ओळखायचा. तो लोकांच्या पायांतून वाट काढत टेबलापाशी गेला आणि केकवर दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"हा माझा केक! माधवचा नाही! गोविंद मी आहे!"

तो केक त्यानंच कापला. पहिला तुकडा आत्यांना भरवला. आत्यांनी खाल्ला, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "शहाणा आहे हो रेयांश." एवढं झालं तरी नाव काही घेतलं नाही.

त्यानंतर वर्षभरातच दिनूभाऊनं डोंबिवलीची जागा विकून टिटवाळ्याला नव्या इमारतीत घर घेतलं. बहीणभाऊ दोघंही थकलेले, एकमेकांच्या सोबतीनं राहावं असं ठरलं. सामानाचा टेम्पो सकाळीच गेला. दुपारी आत्या निघाल्या तेव्हा अर्धी सोसायटी खाली उतरली होती. वर्तकनगर सोडताना त्या रडतील म्हणून मी रुमाल घेऊन गेले होते, तो मलाच लागला. त्या मात्र रिक्षावाल्याच्या पाटीवरचं नाव वाचण्यात गुंतल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून लाल टोपडं डोकावत होतं.

"टिटवाळ्याला नव्या इमारती खूप झाल्यात म्हणे," त्या मला म्हणाल्या. "म्हणजे बारशीही असतील."

तन्वी माधवला कडेवर घेऊन गेटपाशी उभी होती. रेयांश खाली आलाच नव्हता. आत्या जाणार म्हणून तो सकाळपासून रुसून वर बसला होता. आत्यांनी दोनदा इकडेतिकडे बघितलं. कुणाला विचारलं नाही. रिक्षा सुरू झाली, गेटमधून बाहेर पडली, वळली, आणि थांबली.

आत्या रिक्षातून अर्ध्या बाहेर वाकल्या. दुसऱ्या मजल्याकडे बघत, गच्चीतली कबुतरं उडावीत अशा त्या आवाजात, आजी पानं वाढून मारायची तशी, त्यांनी हाक मारली.

"गोविंद!"

मग दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलला दोन हात आणि एक रडवेला चेहरा येऊन चिकटला.

"ओ!"